ओटीपोटाचे जुनाट दुखणे आणि सविरोध ताण

मानवी धडाचा तळ हाडांनी नव्हे, तर स्नायूंनी बंद केलेला आहे. पुढे जघनास्थी, मागे माकडहाड आणि दोन्ही बाजूंना बैठकीची हाडे यांच्या मध्ये स्नायूंची एक झोळी बांधलेली असते आणि मूत्राशय, गुदाशय व स्त्रियांमध्ये गर्भाशय हे अवयव तिच्या आधाराने राहतात. शरीररचनाशास्त्रात या झोळीला श्रोणितल म्हणतात. तिचा मुख्य भाग असलेला लेव्हेटर एनी हा स्नायू हातापायांच्या स्नायूंप्रमाणे विश्रांतीच्या वेळी पूर्णपणे सैल पडत नाही. बसताना, उभे राहताना, एवढेच नव्हे तर झोपेतही त्यात थोडा ताण शिल्लक राहतो, खोकला किंवा शिंक आली की तो ताण क्षणात वाढतो आणि लघवी वा शौचाच्या वेळी तेवढ्यापुरता उतरतो. दिवसाचा बहुतेक वेळ आवळून राहणे हेच ज्याचे काम, त्या स्नायूची सैल होण्याची क्रिया बिघडली तर ती बराच काळ कोणाच्या लक्षातच येत नाही, आणि लक्षात येते तेव्हा ती स्नायूचे दुखणे म्हणून क्वचितच ओळखली जाते.

स्त्रियांच्या बाबतीत, ओटीपोटात, जांघेत, माकडहाडाशी किंवा जननेंद्रियांच्या आसपास सहा महिने वा त्याहून अधिक काळ टिकलेल्या वेदनेला वैद्यकशास्त्र श्रोणीची दीर्घकालीन वेदना म्हणते. पुरुषांसाठी अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या संस्थेने १९९० च्या दशकात प्रोस्टेटच्या दाहाचे जे वर्गीकरण ठरवले, त्यात आधीच्या सहा महिन्यांपैकी किमान तीन महिने वेदना असणे हा निकष आहे. या वर्गीकरणाची खरी कामगिरी अशी की प्रोस्टेटचा दाह असे नाव दिलेल्या बहुसंख्य रुग्णांमध्ये जंतुसंसर्ग सापडतच नाही, ही गोष्ट त्याने स्पष्टपणे मांडली आणि अशा रुग्णांसाठी तिसरा, स्वतंत्र वर्ग केला. तरीही लघवीची तपासणी निर्दोष, सोनोग्राफी निर्दोष आणि प्रतिजैविकांचा तिसरा किंवा चौथा कोर्स चालू, अशी स्थिती आजही अनेक पुरुषांच्या वाट्याला येते; स्त्रियांच्या बाबतीत तोच फेरा पाळीच्या तक्रारीपासून सुरू होऊन लघवीच्या संसर्गाच्या संशयापर्यंत जातो. अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर, ही म्हण मराठीत रूढ व्हावी इतका या दुखण्याभोवतीचा संकोच जुना आहे. बसवत नाही, शौचाला त्रास होतो, समागमाच्या वेळी दुखते, ही लक्षणे रुग्ण सुटी सुटी आणि वेगवेगळ्या डॉक्टरांना सांगतो, आणि ती एकत्र पाहिली असती तर जे चित्र दिसले असते ते कोणालाच दिसत नाही.

या चित्राच्या मध्यभागी पुष्कळदा श्रोणितलाचा वाढलेला ताण असतो. तो का वाढतो याचे एक उत्तर भीतीच्या अभ्यासातून मिळाले आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात स्त्रियांना चित्रपटांतील निरनिराळे प्रसंग दाखवून त्यांच्या स्नायूंतील विद्युत हालचाल मोजली, तेव्हा धोक्याचे प्रसंग पाहताना खांद्याच्या स्नायूंबरोबर श्रोणितलही आवळले गेल्याचे दिसले. ज्यांना दुखण्याचा इतिहास नव्हता अशा स्त्रियांमध्येही ते दिसले. भीती वाटली की मान आणि खांदे ताठतात हे सर्वांना ठाऊक असते, परंतु त्याच वेळी धडाचा तळही ताठतो याची जाणीव सहसा नसते. एखादा संसर्ग, एखादी शस्त्रक्रिया, अवघड बाळंतपण, वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता किंवा पाळीतील तीव्र कळा यांपैकी कशानेही ही आवळण्याची प्रतिक्रिया सुरू होऊ शकते आणि मूळ कारण संपल्यावरही ती चालू राहू शकते. सतत आवळलेल्या स्नायूत दाबल्यास दुखणाऱ्या आणि दूरवर कळ पाठवणाऱ्या जागा तयार होतात, ज्यांना ट्रिगर पॉइंट म्हणतात. दुसरीकडे, मज्जारज्जूतील वेदनावाहक पेशी दीर्घकाळच्या माऱ्याने इतक्या संवेदनशील होतात की साधा स्पर्श किंवा मूत्राशयातील थोडी लघवीही वेदना म्हणून जाणवू लागते. या दुसऱ्या प्रक्रियेला केंद्रीय संवेदनशीलता म्हणतात, आणि क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये तिचा प्रायोगिक पुरावा मांडला. अशा वेळी वेदना स्नायूत आहे की मज्जासंस्थेत, या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. ती दोन्हीकडे असते आणि एकीकडची दुसरीकडची वाढवते.

श्रोणितलाचा व्यायाम म्हटले की बहुतेकांच्या मनात केगल व्यायाम येतो, आणि येथेच मोठी गफलत होते. लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या शीर्षकातच क्रमाने वाढत्या विरोधाचा व्यायाम असे शब्द होते. बाळंतपणानंतर सैल पडलेल्या आणि लघवी न रोखू शकणाऱ्या स्नायूंना बळ देण्यासाठी त्यांनी दाब मोजणारे एक उपकरणही तयार केले होते, आणि त्या कामासाठी ही पद्धत आजही उत्तम मानली जाते. परंतु ज्याचे श्रोणितल आधीच आखडलेले आहे त्याला दिवसातून शंभर वेळा आवळायला सांगणे म्हणजे मूठ वळून वळून हात दुखू लागलेल्या माणसाला मूठ अधिक घट्ट वळायला सांगण्यासारखे आहे. यातील गुंता असा की आखडलेला स्नायू बहुधा दुबळाही असतो. स्नायू आपल्या लांबीच्या मधल्या टप्प्यात सर्वाधिक जोर देऊ शकतो. तो कायमचा आखूड होऊन बसला तर त्याला आणखी आकुंचन पावायला वाव राहत नाही, आणि तपासणीत त्याची ताकद कमी भरते. ती कमी ताकद पाहून बळकटीचा व्यायाम दिला जातो आणि दुखणे वाढते. दुबळेपणा आणि आखडलेपणा ही येथे एकाच बिघाडाची दोन रूपे आहेत. स्नायूला हवी असते ती लांब होता होता काम करण्याची क्षमता.

सविरोध ताण या पद्धतीचे आकर्षण नेमके येथे आहे. रेझिस्टन्स स्ट्रेचिंग या नावाने परिचित असलेल्या या पद्धतीत स्नायू निपचित ठेवून ओढला जात नाही. तो आकुंचन पावत असताना, म्हणजे विरोध करत असताना, हाताने, पट्ट्याने किंवा दुसऱ्या व्यक्तीच्या मदतीने हळूहळू लांब केला जातो. जिना उतरताना मांडीचा पुढचा स्नायू शरीराचे वजन पेलत पेलत लांब होतो. शरीरक्रियाशास्त्रात या प्रकाराला एक्सेंट्रिक आकुंचन म्हणतात. या पद्धतीचे प्रचलित रूप अमेरिकेत घडले. बॉब कूली यांनी २००५ मध्ये द जीनियस ऑफ फ्लेक्सिबिलिटी या पुस्तकातून ते लोकांसमोर मांडले, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये वयाच्या ४१ व्या वर्षी तीन रौप्यपदके मिळवणाऱ्या दारा टोरेस या जलतरणपटूच्या तयारीत याच जातीचे व्यायाम असल्याने त्याला प्रसिद्धी मिळाली. कूली यांनी आपल्या पद्धतीची सांगड चिनी वैद्यकातील ऊर्जामार्गांशीही घातली होती. तो भाग बाजूला ठेवला तरी व्यायामाचे मर्म हरवत नाही, आणि तो बाजूला ठेवणेच योग्य.

कल्पना मात्र कूली यांच्याहून बरीच जुनी आहे. हर्मन कबाट या अमेरिकी वैद्याने १९४० च्या दशकात पोलिओ आणि लकव्याच्या रुग्णांसाठी, पुढे मार्गारेट नॉट या फिजिओथेरपिस्टच्या साहाय्याने, जी उपचारपद्धती उभी केली तिच्यात आधी स्नायूला विरोधाविरुद्ध आकुंचन पावायला लावून मग सैल सोडून लांब करण्याची युक्ती होती, आणि पीएनएफ या संक्षिप्त नावाने ती आजही फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमात शिकवली जाते. प्राग येथील कारेल लेविट यांनी त्याच युक्तीचे फार सौम्य रूप वापरले. त्यांच्या पद्धतीत रुग्ण दुखऱ्या स्नायूने काही सेकंद अगदी हलका जोर लावतो, श्वास सोडतो आणि मग स्नायूला स्वतःहून लांब होऊ देतो. ओढणे जवळजवळ नसतेच. अमेरिकेचे डेव्हिड सायमन्स यांच्यासह त्यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या अनुभवात २४४ रुग्णांचे ३५१ स्नायूगट होते आणि त्यांपैकी ९४ टक्क्यांत वेदना तत्काळ कमी झाली होती. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे हा आकडा पुरावा म्हणून जपूनच वापरावा लागतो. परंतु कमी जोर आणि दीर्घ सुटका हे लेविट यांचे सूत्र श्रोणीच्या दुखण्यात खेळाडूंच्या जोरकस पद्धतीपेक्षा अधिक कामाचे आहे.

या व्यायामाने स्नायू सैल का होतो, याचे जुने उत्तर प्रतिक्षेपात शोधले जात असे. स्नायूच्या कंडरेत ताण मोजणारे गॉल्जी नावाचे संवेदक असतात, जोर लावला की ते मज्जारज्जूला संदेश पाठवतात आणि त्यामुळे तो स्नायू सैल पडतो, असे हे स्पष्टीकरण होते. पुढील मोजमापांत असे दिसले की आकुंचनानंतरचा हा प्रतिबंध फार थोडा वेळ टिकतो आणि लवचीकतेत होणारी वाढ केवळ त्याने समजावता येत नाही. आज अधिक पटणारी मांडणी अशी की काही आठवड्यांच्या ताणाच्या व्यायामाने मुख्यतः ताण सहन करण्याची मर्यादा बदलते. पूर्वी ज्या अंशाला मेंदू धोक्याची सूचना देत असे तो अंश त्याला आता सुरक्षित वाटू लागतो. एक्सेंट्रिक व्यायामाने याखेरीज स्नायूच्या रचनेतही बदल होतो आणि त्याच्या तंतूंची लांबी वाढू शकते. पायांच्या स्नायूंवरील अभ्यासांचा २०१२ मध्ये जो एकत्रित आढावा घेतला गेला त्यातही अशा व्यायामाने लवचीकता वाढते असाच निष्कर्ष निघाला. जुनाट वेदनेच्या दृष्टीने पहिली बाब अधिक मोलाची आहे. ताणला जात असताना स्नायूवर आपला ताबा आहे, कोणत्याही क्षणी थांबता येते, हा अनुभव घाबरलेल्या मज्जासंस्थेला निपचित ताणातून मिळत नाही.

आता प्रश्न असा की श्रोणितलाला बाहेरून धरून ताणता येत नसताना हा व्यायाम त्याच्यापर्यंत पोहोचतो कसा. उत्तर खुब्यात आहे. ऑब्ट्युरेटर इंटर्नस नावाचा स्नायू श्रोणीच्या आतल्या भिंतीवरून निघतो, बैठकीच्या हाडामागून काटकोनात वळतो आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला चिकटतो. मांडी बाहेरच्या बाजूला फिरवणे हे त्याचे काम. या स्नायूवरील आवरणाचा एक भाग जाड होऊन दोरीसारखा पट्टा बनतो आणि लेव्हेटर एनीचा बराचसा भाग त्याच पट्ट्यापासून सुरू होतो. म्हणजे झोळीची एक कड खुब्याच्या स्नायूलाच टाचलेली आहे. श्रोणितलाला संवेदना पुरवणारा पुडेंडल मज्जातंतूही याच स्नायूच्या आवरणातील एका बोगद्यातून जातो. मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू जघनास्थीच्या कमानीवर, श्रोणितलाच्या अगदी शेजारी उगम पावतात, आणि कुल्ल्याचे स्नायू त्याच्या मागच्या अंगाला असतात. खुब्याभोवतालचे हे शेजारी सैल झाले की झोळीच्या कडांवरचा ओढा कमी होतो, आणि कपड्यांवरून, घरच्या घरी, कोणालाही संकोच न वाटता करता येईल असे काहीतरी रुग्णाच्या हाती येते.

याच शेजारामुळे एक धोकाही निर्माण होतो, आणि या पद्धतीच्या उत्साही पुरस्कर्त्यांकडून तो बहुधा दुर्लक्षिला जातो. मांडीच्या आतल्या बाजूचे, कुल्ल्याचे किंवा पोटाचे स्नायू जोरात आकुंचन पावले की श्रोणितलही त्यांच्याबरोबर आवळले जाते. हे निरोगी माणसातही घडते. खेळाडू जितका जोर लावतो तितका जोर श्रोणी दुखणाऱ्या माणसाने लावला, तर मांडी ताणली जात असताना झोळी मात्र घट्ट होत राहील आणि व्यायामानंतरच्या रात्री वेदना वाढेल. म्हणून येथे विरोध नाममात्र ठेवावा लागतो, पूर्ण ताकदीच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी, आणि प्रत्येक आवर्तनानंतरची विश्रांती ही त्या आवर्तनाइतकीच, किंबहुना त्याहून मोठी असावी लागते. त्या विश्रांतीत श्वास घेताना पोट वर येऊ द्यावे. श्वासपटल खाली सरकते तेव्हा श्रोणितलही थोडे खाली उतरते, आणि हे उतरणे जाणवणे हाच या व्यायामाचा गाभा आहे. कुंथल्याने जे खाली ढकलणे होते ते वेगळे. ते टाळायचे असते.

प्रत्यक्ष कृती साधी आहे. मांडीच्या आतल्या स्नायूंसाठी पाठीवर झोपून, तळपाय एकमेकांना लावून गुडघे बाजूला सोडावेत, गुडघ्यांच्या आतल्या बाजूला हात ठेवावेत, गुडघ्यांनी आत येण्याचा हलका प्रयत्न करावा आणि हातांनी त्यांना चार-पाच सेकंदांत सावकाश थोडे बाहेर न्यावे. हात जिंकतील एवढाच मांड्यांचा विरोध असावा. जोर लावताना श्वास सोडत राहावे, कोंडून धरू नये. मग सर्व सैल सोडून दोन-तीन संथ श्वास घ्यावेत. खुब्याच्या खोल स्नायूंसाठी पाठीवरच झोपून, गुडघ्यात वाकवलेला पाय दोन्ही हातांनी गुडघ्याशी धरून विरुद्ध खांद्याकडे आणावा, आणि तो आणला जात असताना गुडघ्याने बाहेरच्या दिशेला हलकेच ढकलावे. मांडीच्या मागच्या बाजूसाठी पंचा किंवा जुनी ओढणी तळपायाला अडकवून पाय वर उचलावा आणि टाचेने तो खाली दाबण्याचा प्रयत्न करत असतानाच ओढणीने वर आणावा. प्रत्येकाची पाच-सहा आवर्तने पुरेशी होतात. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी विकसित केलेल्या योगपद्धतीत पट्टा आणि लोड यांच्या आधाराने केले जाणारे सुप्त बद्धकोणासन पहिल्या कृतीच्या अगदी जवळचे आहे. फरक इतकाच की तेथे शरीर आधारावर सोपवून दीर्घकाळ स्थिर राहायचे असते. ज्यांना विरोधाचा हलका जोरही सोसत नाही त्यांनी प्रारंभ त्या आधाराच्या आसनापासून करावा आणि विरोध काही आठवड्यांनी आणावा, हे अधिक शहाणपणाचे.

पुराव्याचा विचार करताना हे लक्षात ठेवावे लागते की या पद्धतीचा आधार बराचसा शेजारच्या पद्धतींकडून उसना घेतलेला आहे. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टने हाताने श्रोणितलाचे व भोवतालचे दुखरे बिंदू सैल करण्याच्या उपचाराला सर्वांत भक्कम आधार आहे. मेरी फिट्झजेराल्ड व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मूत्राशयाच्या वेदनेने त्रस्त ८१ स्त्रियांवर केलेल्या चाचणीत या उपचाराने ५९ टक्के, तर साध्या मालिशाने २६ टक्के स्त्रियांना लक्षणीय बरे वाटले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील रॉडनी अँडरसन आणि डेव्हिड वाइज यांनी असाच उपचार शिथिलीकरणाच्या शिक्षणाशी जोडला आणि १३८ पुरुषांपैकी ७२ टक्क्यांत मध्यम ते मोठी सुधारणा नोंदवली, जरी तेथेही तुलनेचा गट नव्हता. ताणाच्या व्यायामाच्या उत्साहाला आवर घालणारा अभ्यास इटलीतून २००७ मध्ये आला. बैठी जीवनशैली असलेल्या १०३ पुरुषांवरील १८ आठवड्यांच्या या चाचणीत एका गटाला वेगाने चालण्यासह एरोबिक व्यायाम दिला गेला आणि दुसऱ्या गटाला, केवळ तुलनेसाठी, ताणाचे व हालचालीचे हलके व्यायाम. दोन्ही गटांत सुधारणा झाली, पण एरोबिक गटात ती अधिक होती. ज्याला आज उपचार म्हणून पुढे केले जाते ते या चाचणीत लुटुपुटीच्या उपचाराच्या जागी होते. यावरून ताण निरुपयोगी ठरत नाही, परंतु रोजचे अर्धा तास चालणे सोडून केवळ ताणाच्या मागे लागणे चूक ठरते, एवढे निश्चित.

हे सारे करण्याआधी तपासणी अपरिहार्य आहे, कारण स्नायूचे वाटणारे दुखणे दुसऱ्याच आजाराचे असू शकते. गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याचा एंडोमेट्रिऑसिस हा विकार जननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना असतो, आणि भारतात जननमार्गाच्या क्षयाची शक्यताही डॉक्टरांना मनात ठेवावी लागते. लघवीतून किंवा शौचातून रक्त जाणे, ताप, कारण नसता वजन घटणे, पाळी थांबल्यानंतरचा रक्तस्राव, ही लक्षणे असतील तर व्यायामाचा विचार नंतर. लघवी अडणे, अथवा सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तो बधिर होणे, याला तर तातडीने रुग्णालय गाठावे लागते, कारण पाठीच्या कण्याच्या टोकाशी मज्जातंतूंवर दाब आल्याची ती खूण असू शकते. गर्भारपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि खुब्याच्या सांध्याचे विकार यांतही हे व्यायाम स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत.

एक्सेंट्रिक व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू ठणकणे स्वाभाविक असते, आणि श्रोणीच्या रुग्णाला हा ठणका जुन्या वेदनेपासून वेगळा ओळखता येणे फार गरजेचे आहे. मांडीत किंवा कुल्ल्यात जाणवणारा आणि दोन दिवसांत ओसरणारा ठणका चालतो. लघवीची घाई वाढली, बसणे अधिक अवघड झाले किंवा जळजळ खोलवर पसरली तर विरोध जास्त झाला आहे असे समजून तो निम्म्यावर आणावा. बदल मोजण्यासाठी पुरुष रुग्णांकरिता ० ते ४३ गुणांची एक प्रश्नावली वापरली जाते, ज्यात सहा गुणांची घट ही रुग्णाला जाणवणारी सुधारणा मानली जाते. परंतु घरातील साधी वहीही तेच काम करते. तीत वेदनेच्या आकड्याआधी बसण्याचा वेळ, रात्रीची उठबस आणि शौचाला लागलेला जोर लिहावा, आणि पान रोज न उलटता दर पंधरवड्याने एकदाच मागे जाऊन पाहावे.